लागलं की हो म्हण

नेत्राने नायलॉनचा दोरा आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून पाहिला. पेनासारख्या दांडीच्या टोकाला बसवलेला, बोटभर लांबीचा ताठ दोरा. त्वचेवर दाबला की तो किंचित वाकतो. तेवढा दाब ज्याला कळतो त्याचे पाय शाबूत, ज्याला कळत नाही त्याचे धोक्यात. बोर्डाच्या परीक्षेत यावर एक-दोन प्रश्न हमखास असतात. तिने दोऱ्याला टोपण लावलं आणि तो अभ्यासाच्या कार्डांशेजारी ठेवला. नऊ वाजले होते. अकराला ह्यूस्टनमधलं परीक्षेचं सेंटर गाठायचं होतं, आणि शुगर लँडहून तिथे पोचायला तास तरी हवाच.

"दही काढलंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "देवाला नमस्कार कर, मला कर, आणि निघ. या वेळी कॅन्सल नको करूस बाई."

या वेळी ते शक्यच नव्हतं. पोडायट्रीची, म्हणजे पायांच्या डॉक्टरकीची, ही दुसरी परीक्षा नेत्राने दोनदा पुढे ढकलली होती. आज दिली नाही तर रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पुढच्या प्रशिक्षणाची, जागा जाणार, असं कॉलेजने स्पष्ट कळवलं होतं. अभ्यास झाला नव्हता असंही नाही. पायाची सव्वीसच्या सव्वीस हाडं तिने झोपेतसुद्धा मोजून दाखवली असती. अडायचं ते एकाच जागी. 'अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष, बारा वर्षांचा मधुमेह, उजव्या तळपायाला न दुखणारी जखम,' असा प्रश्न सुरू झाला की उत्तर ठाऊक असूनही तिचं बोट माऊसवर तसंच राहायचं. ती हॉलमधल्या रिक्लायनरकडे, त्या मोठ्या आरामखुर्चीकडे, पाठ करून बसायची. तरी मागे कुणीतरी पाय वर करून बसलंय, हे तिला कळायचं. काल भर दुपारी तिला तिथे पांढरे मोजे दिसले होते. उठून जवळ गेली, तर नुसती आईची शाल होती.

रिक्लायनर बाबांचा होता. मोरेश्वर देव तेल कंपनीत इंजिनियर, नागपूरचे, बोलायला मिस्कील. मुलीने पायांची डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी नाकं मुरडली, सगळं शरीर सोडून हिला पायच कसे सापडले म्हणून. बाबा म्हणाले, "पाया पडायची सवय आपल्याला आहेच, ही त्याची डिग्री घेतेय, इतकंच."

दोन वर्षांपूर्वी, पहिल्या परीक्षेच्या सकाळी, ती त्यांच्या पाया पडली होती. बाबा पाय वर करून बसले होते, पायांत पांढरे मोजे. टेक्सासचा जुलै, बाहेर अंगाची लाही होत होती.

"मोजे काय घातलेत?" तिने वाकता वाकता विचारलं होतं.

"एसीची थंडी वाजते. यशस्वी भव! पळ आता."

उजव्या मोज्याखाली तिच्या बोटांना काहीतरी जाड लागलं होतं. मोजा दुमडला असेल, असं मनात येईपर्यंत ती गाडीत बसलीसुद्धा होती. ते बँडेज होतं. खिशातल्या सुपारीचं एक खांड बुटात पडलं होतं, आणि बाबा त्यावर तीन दिवस चालले होते. दुखलं असतं तर काढलं असतं. मधुमेहाने पाय बधिर झालेले, दुखतच नव्हतं. पोरीची परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं आईबाबांनी आपसात ठरवलं. मग रिझल्ट लागू दे. मग सुट्टीला येऊ दे. सप्टेंबरात दोन बोटं गेली, नंतर पाय गुडघ्यापर्यंत, आणि ऑक्टोबरात बाबा. तेराव्याला ओळखीतल्या शैलाकाकू ताट हातात घेऊन कुणाला तरी म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय." त्या हळू बोलल्या होत्या, पण नेत्राने ऐकलं. काकूंचा तिला रागही आला नाही. खरंच तर होतं. तिच्या बोटांना कळलं होतं आणि तिने त्यांचं ऐकलं नव्हतं.

देव्हाऱ्यापुढे हात जोडून ती वळली. आई दह्याची वाटी घेऊन उभी होती. नेत्रा वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

आईच्या पायांत मोजे होते. करडे, लोकरीचे.

"आई, हे कधीपासून?"

"काय?"

"मोजे."

"अगं, एसीची थंडी वाजते."

नेत्रा हळूहळू सरळ झाली. वाक्य तेच होतं. आईच्याही ते लक्षात आलं असावं, कारण वाटीतला चमचा तिने उगीचच ढवळला.

"बस. काढ ते."

"आत्ता? रस्त्यात ट्रॅफिक असेल. आल्यावर बघ हवं तर."

"आई, काढ!"

तिचा आवाज इतका चढला की तिची तीच दचकली. आई जवळच्या खुर्चीत, म्हणजे रिक्लायनरमध्ये, टेकली. गेल्या दोन वर्षांत त्यात कुणी बसलं नव्हतं. नेत्राने कार्पेटवर मांडी घातली, आईचे पाय मांडीवर घेतले आणि मोजे उतरवले.

जखम नव्हती. तिने बोटांच्या बेचक्या पाहिल्या, टाचा उलटसुलट केल्या. टाचांना भेगा होत्या, बस. घोट्याच्या पुढे दोन बोटं ठेवून तिने नाडी शोधली. ती लागली, ठणठणीत. नेत्राचा जीव भांड्यात पडला. तिला हसू आलं, रडूही आलं.

"बघ," आई म्हणाली. "शुगर बॉर्डरवर आहे नुसती. उगाच जीव टांगणीला लावतेस. ऊठ आता."

"एक मिनिट. डोळे मीट. लागलं की हो म्हण."

कार्डांशेजारचा दोरा हातात घेऊन ती आता डॉक्टर झाली होती. अंगठ्याखाली टेकवला, दोरा वाकला.

"हो."

करंगळीखाली.

"हो."

चवड्याच्या मधोमध.

"हो."

चांगलं होतं. आता दुसरा पाय. नेत्राने मान वळवून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. नऊ वीस. दोरा तिच्या हातात होता, आईच्या पायापासून वीतभर लांब.

"हो," आई म्हणाली.

नेत्राने वळून पाहिलं. आईचे डोळे घट्ट मिटलेले होते, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखे. नेत्रा हलली नाही.

थोड्या वेळाने आई पुन्हा म्हणाली, "हो."

एसी सुरू झाला. रिक्लायनरच्या पाठीवरची शाल हलली. दोरा अजून नेत्राच्या हातातच होता.

"हो."

तिने दोरा खाली ठेवला आणि दोन्ही तळवे आईच्या पावलांवर दाबून धरले. आईने डोळे उघडले.

"झालं? पास ना मी?"

हो म्हणणं सोपं होतं. ती हो म्हणाली असती तर आई खूश झाली असती, दही हातावर पडलं असतं, आणि बाकीचं पाच वाजता, परीक्षेहून आल्यावर.

"नाही," नेत्रा म्हणाली. "मी टेकवलंच नव्हतं, आई."

परीक्षेच्या आधी या घरात कुणी कुणाला खरं सांगितलं, ते पहिल्यांदाच.

आई पायांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पावलं बधिर वाटतात गं. होळीपासून. म्हटलं, तुझी परीक्षा होऊ दे."

नेत्रा गराजच्या दारातून आईच्या चपला घेऊन आली. या घरात कार्पेटवर चप्पल घालायची पद्धत नव्हती. तिने एकेक चप्पल उलटी करून झटकली, आत हात घालून पट्ट्याखालून टोकापर्यंत बोटं फिरवली, आणि मगच ती आईच्या पायात सरकवली.

"घरातपण हीच घालून फिरायचं. पायाला गरम पाणी नाही, शेक नाही. सोमवारी डॉक्टर. आजच कॉल करून अपॉइंटमेंट घे."

"बरं. दही घे."

नेत्राने हात पुढे केला.

"शी! चपलेत घातलास तो हात. धू आधी."

ती हात धुऊन आली, दही चाटलं, किल्ल्या उचलल्या. दाराशी वळून पाहिलं, तर रिक्लायनरमध्ये आई होती, चपला घातलेले पाय खाली टेकवून. दुसरं कुणी नव्हतं.

"पाचला येते. आल्यावर पुन्हा टेस्ट. आणि आई, या वेळी खरंच लागलं तरच..."

"हो," आई म्हणाली.