पेढ्यांवर वाढलेला काबऱ्या

मित्रांनो, मी शेगावातला एक जुना, म्हातारा कुत्रा आहे. अंगावर काळेपांढरे ठिपके आहेत म्हणून सगळे मला काबऱ्या म्हणतात. गोष्ट सांगता सांगता मी मधेच उठलो, गोल फिरलो आणि पुन्हा बसलो, तर राग मानू नका. आयुष्यातला बराच काळ मला एका जागी बसताच आलं नाही. ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

माझा जन्म रेल्वे स्टेशनच्या मालधक्क्यामागे झाला. आई कुठे गेली ते मला ठाऊक नाही. मी भुकेने कुईकुई करत रस्त्याच्या कडेला पडलो होतो, तेव्हा एका माणसाने मला उचलून सदऱ्यात घातलं. त्या सदऱ्याला चहाचा वास येत होता. तो माणूस म्हणजे तुळशीराम. स्टेशनहून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दुमजली लॉज आहे. तिथे तो खोल्या झाडायचा, पाणी भरायचा, दर्शनाला आलेल्या लोकांच्या बॅगा वर पोचवायचा. त्याला बायकोपोरं नव्हती. जिन्याखालच्या खोलीत तो एकटाच राहायचा.

"साहेब, राहू द्या याले," तो लॉजचे मालक भगवंतराव यांना म्हणाला. "राखण करीन तो. माह्या ताटातलं देईन मी त्याले."

भगवंतरावांनी मान हलवली आणि मी लॉजचा झालो.

तारुण्यात मी मोठा कामाचा कुत्रा होतो. रिक्षा दारात थांबली की मी शेपूट हलवत पुढे जायचो आणि पाहुण्यांना पायऱ्यांपर्यंत आणायचो. एकदा चपलांच्या रॅकमध्ये साप शिरला होता. मी इतका भुंकलो की अख्खं लॉज बाहेर आलं. त्या दिवशी भगवंतरावांनी स्वतः माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लेकरं माझ्यासोबत फोटो काढायची. आणि दर्शन करून परतणारा प्रत्येक जण मला काहीतरी द्यायचाच. कोणी पेढा द्यायचं, कोणी अर्धी कचोरी, कोणी बिस्किटांचा पुडाच फोडायचं. तुळशीरामही सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घालायचा. मला वाटायचं, माझ्याएवढा सुखी कुत्रा साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात नसेल.

मग माझ्या कानात काहीतरी सुरू झालं.

आत कोणी गवताची काडी फिरवतंय असं वाटायचं. मी मान झटकायचो, पंजाने कान ओरबाडायचो. काडी थांबायची नाही. मग पोटाखाली सुरू झालं, मग शेपटीच्या बुडाशी, मग बोटांच्या मधे. मी बसलो की खाजवायचो. खाजवलं की आग व्हायची. आग झाली की उठायचो, भिंतीला अंग घासायचो, अंगणात गडबडा लोळायचो. धड खाणं नाही, धड झोप नाही. डोळा लागतो न लागतो तोच कुठेतरी चुणचुण व्हायची आणि मी दचकून उठायचो. पोटही सतत बिघडलेलं असायचं. माझे केस जाऊ लागले. कातडी काळी, जाड झाली. कानातून वास येऊ लागला.

फोटो काढणारी लेकरं आता आईच्या मागे लपायची. रिक्षा थांबली की मी जुन्या सवयीने पुढे जायचो आणि पाहुणे पाय मागे घ्यायचे. एक बाई तर दारातूनच परत फिरल्या. "ईऽऽ, खरुजलेलं कुत्रं आहे इथं," असं त्या म्हणाल्या. भगवंतरावांनी ते ऐकलं.

"तुळशीराम," ते म्हणाले, "दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी याले बरं कर. नाही तर टेम्पोत घालून डोणगावकडे सोडून देतो. मंग मले बोलायचं नाही."

डोणगाव कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. पण तुळशीरामचा चेहरा पाहून कळलं, की तिथून कुत्र्याला परत येता येत नसावं.

तो बिचारा काय करणार? त्याला वाटलं, मला अशक्तपणा आला आहे. म्हणून तो मला जास्त पेढे देऊ लागला, दूध पाजू लागला. जेवढं जास्त देई, तेवढी माझी खाज वाढे. मग दारातल्या एका रिक्षावाल्याने त्याला सांगितलं, "काका, जळालं ऑइल लावा. गाडीचं. खरूज पळून जाते." तुळशीरामने गॅरेजमधून डबाभर काळं ऑइल आणलं आणि मला मायेने, हळू हळू, डोक्यापासून शेपटीपर्यंत माखलं.

मित्रांनो, ती दुपार मी कधी विसरणार नाही. अंगाची आग आग झाली. कुत्र्याच्या अंगाला काही लागलं की ते चाटून काढायचं, एवढंच आम्हाला माहीत असतं. मी चाटलं. थोड्याच वेळात पोटात ढवळून आलं. मी ओकलो, पुन्हा ओकलो, पाय थरथरू लागले आणि मी अंगणात कोसळलो. तुळशीराम माझ्याशेजारी बसून रडू लागला.

"वहिनी! धावा वो! काबऱ्याले पाहा काय झालं!"

वहिनी म्हणजे भगवंतरावांची सून, पुष्पांजली. लॉजचा सगळा कारभार तीच पाहायची. खरं सांगायचं तर मला ती आवडत नसे. ती मला कधी काही खायला द्यायची नाही आणि पुसलेल्या फरशीवर पाय ठेवला की झाडू उगारायची. त्या दिवशी ती आली, माझ्याकडे पाहिलं, बोटाने अंगावरचं काळं पुसून त्याचा वास घेतला.

"हे काय लावलं काका तुम्ही?"

"ऑइल... लोकं म्हणे, गुण येते."

तिने पदर खोचला, भांड्याचा पातळ साबण आणला, कोमट पाणी आणलं आणि मला धुवायला बसली. मी चाटू नये म्हणून तुळशीरामने माझं तोंड धरून ठेवलं होतं. काळं पाणी नालीतून वाहत राहिलं. फेस पांढरा येईपर्यंत ती थांबली नाही. मग मला जुन्या चादरीत गुंडाळून दोघांनी रिक्षात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर शाकिर मवाळ आवाजाचे होते. त्यांनी मला सलाईन लावलं, सुई टोचली. मग कान उचलून आत पाहिलं, कातडी खरवडून काचेवर घेतली आणि यंत्राखाली ठेवली. केस बाजूला करून त्यांनी गोचीडही काढून दाखवले. मला काही सुचत नव्हतं, तरी त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

"कातडीत किडे आहेत, कान पिकला आहे, त्याचं औषध मी देतो. ते घरच्या उपायांनी जाणार नाही," ते म्हणाले. "पण नुसत्या औषधाने हा बरा होणार नाही. खातो काय हा?"

तुळशीराम मोठ्या अभिमानाने सांगू लागला. पेढे, बिस्किटं, कचोरी, दूध, चहा.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "हे सगळं आजपासून बंद. गोड नाही, तळलेलं नाही, मीठमसाला नाही. कांदा असलेलं तर अजिबात नाही, तो कुत्र्याला विषासारखा असतो. दूध याला पचत नाही. मऊ भात, उकडलेलं अंडं, जमलं तर बिनमिठाची उकडलेली कोंबडी, त्यात उकडलेला लाल भोपळा. दोन वेळा, ठरल्या वेळेला. मधे काही नाही. हे एवढं, याचं पोट शांत होईपर्यंत. मग पुढचं जेवण आपण ठरवू. तोंडातून गेलेलं अंगावर दिसतं."

"आणि कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी?" पुष्पांजलीने विचारलं.

"अंग धुवायला घ्या, थोडा थंडावा वाटेल. पण त्याला औषध समजू नका. माणसाचा साबण नको. मी देतो तो लावा, फेस थोडा वेळ अंगावर राहू द्या, मग अंग कोरडं करा. तो झोपतो ते पोतं धुऊन उन्हात टाका."

लॉजवर आल्यावर खरी पंचाईत झाली. "अंडं?" भगवंतराव खुर्चीतून उठले. "माह्या लॉजात? दर्शनाले आलेल्या लोकांच्या जागेत?"

"लॉजात नाही मामाजी," पुष्पांजली सासऱ्यांना शांतपणे म्हणाली. "मागच्या भिंतीपलीकडे तीन विटा मांडते. भांडं वेगळं. लॉजाच्या स्वयंपाकघरात काही येणार नाही."

भगवंतराव पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत. फक्त बजावलं, "दिवाळीपर्यंतच हं. मी बोललो ते बोललो."

तेव्हापासून माझे मोठे कठीण दिवस सुरू झाले. मला मागच्या अंगणात बांधून ठेवलं. ताटलीत पांढरा फिका भात आणि पिवळं अंडं. पेढ्यावर वाढलेल्या जिभेला ते काय गोड लागणार! मी ताटली उलटी केली. साखळी ओढली. रस्त्यावरून कचोरीचा वास आला की मी भुंकून घसा बसवला. कानात औषध घालायची वेळ झाली की मी गुरगुरायचो. पुष्पांजलीवर माझा फार राग होता. अंगात खाज, पोटात भूक आणि डोक्यात राग, अशी माझी नुसती तडफड चालली होती.

तरी कातडी हळूहळू निवत होती. आणि मग ती पुन्हा पेटली.

त्याला कारण होतं. पुष्पांजली मंदिरात गेली की तुळशीराम माझ्याजवळ यायचा. "उपाशी ठेवून राह्यले माह्या लेकराले," असं म्हणत तो कमरेला खोचलेल्या पुडीतून पेढा काढायचा. मी त्याची बोटंसुद्धा चाटून घ्यायचो. एक दिवस ती लवकर परतली. तुळशीरामची मूठ मिटलेली होती, पण माझ्या मिशांना खवा लागला होता.

ती ओरडली नाही. पायरीवर बसली. तिचा आवाज थकलेला होता.

"काका, तुम्हाले हा जगायले पाहिजे, का तुमच्या हातून खायले पाहिजे?"

तुळशीराम खाली पाहत राहिला. "वहिनी, माह्याजवळ दुसरं काय आहे त्याले द्याले?" तो म्हणाला. "मी आलो की तो नाचते. मले पाहून कोण नाचते दुसरं?"

 मी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पुष्पांजली आत गेली, आणि येताना बारीक दातांची फणी, कापूस आणि कानाच्या औषधाची बाटली घेऊन आली. तिने ते सगळं तुळशीरामच्या मांडीवर ठेवलं.

"हे द्या. मले तो करू देत नाही, गुरगुरते. तुमचं ऐकीन तो. भातही आजपासून तुम्हीच शिजवा."

त्या दिवसापासून तुळशीरामचे हात रिकामे राहिले नाहीत. तो सकाळी भिंतीपलीकडे भात शिजवायचा. भोपळा हाताने कुस्करून त्यात कालवायचा आणि त्याच्यासमोर बसून मी तो फिका घास गिळू लागलो. मग तो माझं डोकं मांडीवर घ्यायचा. कापसाने कान आतून नव्हे, दिसतो तेवढाच अलगद पुसायचा, औषधाचे थेंब टाकायचा, कानाच्या मुळाशी चोळायचा. फणीने केस विंचरायचा, बोटांच्या मधे पाहायचा, एखादा गोचीड सापडला की चिमट्याने धरून बाहेर काढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. हे करताना तो माझ्याशी सतत बोलायचा. "इथं दुखते का बे? थांब, थांब. झालं, झालं." मला पेढ्याची आठवण यायची, नाही असं नाही. पण मांडीवरून उठावंसं वाटायचं नाही.

बरं होणं झटपट झालं नाही. दोनदा दवाखान्यात पुन्हा जावं लागलं, एकदा औषध बदलावं लागलं. पण काळ्या कातडीवर मऊ लव दिसू लागली.

दिवाळीची गर्दी सुरू झाली. भगवंतराव मागच्या अंगणात आले, चष्मा लावून माझ्या पाठीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.  मग ते तसेच परत गेले. तुळशीरामचा जीव टांगणीला लागला. थोड्या वेळाने दारातून त्यांचा मोठा आवाज ऐकू आला. कोणी पाहुणा कचोरी घेऊन माझ्या दिशेने येत होता.

"ओ भाऊ! नका देऊ त्याले! पथ्य आहे त्याचं!"

तुळशीरामने माझी साखळी सोडली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या दारातला कुत्रा सारखं अंग खाजवत असेल, मान झटकत असेल, तर त्याला हाकलू नका आणि कोणी सांगेल ते त्याला फासूही नका. जवळ बसा, केस बाजूला करून पाहा, डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्याच्या कुत्र्याला खाऊ देण्याआधी त्याच्या माणसाला विचारा. आम्ही नाही म्हणत नाही. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

आता एक शेवटचं सांगतो आणि उठतो. दिवाळीनंतरची गोष्ट. ऊन कोवळं होतं. मी अंगणात आडवा झालो आणि कुठेच काही चुणचुणलं नाही. कान गप्प, पोट गप्प. मी पाय लांब केले. किती वेळ गेला कोण जाणे, कोणीतरी मला गदागदा हलवू लागलं. "काबऱ्या! ए काबऱ्या! काऊन हलत नाही बे? वहिनीऽऽ!" पुष्पांजली पिठाने भरलेल्या हातांनी धावत आली. मी एक डोळा उघडला, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. तुळशीराम धपकन जमिनीवर बसला आणि हसत हसत डोळे पुसू लागला.

"झोपला होता वहिनी," तो म्हणाला. "नुसता झोपला होता."