अंड्याएवढे वीस बटाटे

युहान्नुसच्या ताटात, म्हणजे ऐन जूनमधल्या त्या मोठ्या सणाला, घरच्या मातीतला नवा बटाटा नसला तर आमच्या किनाऱ्यावर त्या घराला नावं ठेवतात. दुकानातला आणून वाढता येतो, कोणी पोलिसांत देत नाही, पण मग वर्षभर मान खाली घालून फिरायचं. साइमीच्या घराला एकावन्न वर्षांत नाव ठेवायची कोणाची टाप झाली नव्हती. मार्चमध्ये खिडकीत बटाट्यांना मोड आणायचे, एप्रिल सरताना लावायचे आणि मे महिन्यात हिमाची रात्र आली की घरातल्या झाडून सगळ्या चादरी वाफ्यावर पांघरायच्या. वर नवऱ्याचा चर्चला जायचा कोटसुद्धा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. कोट अजून बटाट्यांच्या कामी येतो.

यंदा मात्र साइमीला धास्ती होती. वय अठ्ठ्याहत्तर, आणि दोन वर्षांपासून डोळ्यांपुढे मधोमध धुकं बसलेलं. कडेचं दिसे, समोरचं दिसेना. तिने कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. कळलं की मुलगा तिला उचलून तुर्कू शहरात आपल्या घरी नेणार, तिसऱ्या मजल्यावर, जिथे माती कुंडीत राहते.

आणि नेमक्या सणाच्या दुपारी इल्पोने, तिच्या एकुलत्या एक मुलाने, पावाचा डबा उघडला. आत टपालाची दहा-बारा पाकिटं, एकही न फोडलेलं. त्यातली तीन डोळ्यांच्या दवाखान्याची.

"आई, हे काय आहे?"

"पाव शेजारच्या डब्यात आहे."

"विषय बदलू नकोस. तुला वाचता येत नाही आता, हो ना?"

"वाचण्याजोगं कोणी लिहितंय कुठे?"

तो हसला नाही. "सप्टेंबरात तू माझ्याकडे यायचंस. घर बंद करू. इथे एकटी विहिरीत पडलीस तर मी काय करू, सांग ना?"

त्याचा आवाज कापला, म्हणून साइमीला ओरडताही येईना. ती म्हणाली, "ते नंतर. आधी दाराला बर्च लाव. सण आहे आज."

दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चची कोवळी झाडं उभी केल्याशिवाय युहान्नुस घरात येत नाही. इल्पो कुऱ्हाड घेऊन रानाच्या कडेला गेला आणि दोन झाडं आणून मोठ्या ऐटीत उभी केली. साइमी बाहेर आली. उजवीकडचं पान तिने चोळलं, हुंगलं, ठीक. डावीकडचं बोटाला चिकटलं.

"अरे देवा! हा बर्च नाही, आल्डर आहे!"

तेवढ्यात शेजारचा म्हातारा आर्मास खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी घेऊन फाटकातून आत आला. डाव्या झाडाकडे बघून तो असा हसला की बरणी पडता पडता राहिली. "युहान्नुसला दाराशी आल्डर! इल्पो, डोळे तुर्कूला विसरून आलास काय रे?"

"हो ना," साइमी म्हणाली. "आणि हा माझे डोळे तपासायला निघालाय."

इल्पो कानापर्यंत लाल झाला, पण हटला नाही. "एका झाडाने काय होतं? एवढं मोठं परस तू कशी सांभाळणार?"

साइमीला आता खरंच राग आला. पदरचं एकावन्न वर्षांचं काम, आणि हा त्याला "कशी सांभाळणार" म्हणतो! तिने भिंतीवरची टोपली काढली. "ऐक लेका. वीस बटाटे काढते, सगळे कोंबडीच्या अंड्याएवढे. एक लहान निघाला किंवा एक झाड उपटलं, तर सप्टेंबरात मी मुकाट्याने येते. नाही निघाला, तर पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही. आर्मास साक्षी."

"कबूल," इल्पो म्हणाला. त्याला वाटलं, संपलंच आता.

पायरीपासून सात पावलांवर लायलॅकच्या फुलांचा वास, तिथून डावीकडे वळायचं. रुबार्बची रुंद पानं पोटरीला घासली की कांद्याचा वाफा. मग शेपू. शेपूच्या पलीकडे बटाटे, गुडघ्याला लागतील असे. साइमी हे काही मोजत नव्हती, नुसती चालत होती, आणि मागे इल्पो दोनदा शेपूत अडखळला.

ती गुडघ्यांवर बसली आणि हात झाडाच्या बुडाशी मातीत घातला, मनगटापर्यंत. घाईतली माणसं झाड उपटतात. साइमी झाडाखालून चोरते. बोटांनी चाचपायचं, मोठा असेल तो हळूच पिळून घ्यायचा, लहानांना हात लावायचा नाही आणि माती पुन्हा थापटून द्यायची. झाडाला कळतसुद्धा नाही. एक. दोन. चौथ्या झाडापाशी तिची बोटं थांबली, आत काहीतरी चाचपलं आणि रिकामी बाहेर आली.

"काय झालं?" इल्पो म्हणाला.

"आठवडाभर थांबायला हवं त्याला."

इल्पोला राहवेना. तो शेजारच्या झाडापाशी बसला, हात घातला, ओढलं. कट्कन आवाज झाला आणि हातात मुळांची लांब दोरी आली, टोकाला गोटीएवढा बटाटा.

"अरे मेल्या! तो अजून अंगावर पितोय!" साइमी ओरडली. मग तिने त्याचा हात धरला आणि आपल्या हाताखाली मातीत नेला. "हा बघ. हा तयार. हा नाही. कळतंय?"

इल्पो पन्नाशीचा माणूस. आईच्या हाताखाली मातीतला एकेक बटाटा चाचपत गेला. "कळतंय," तो म्हणाला.

विसावा बटाटा टोपलीत पडला तेव्हा आर्मासने बरणीतल्या माशांची शपथ घेऊन सांगितलं की सगळे एकाच कोंबडीचे आहेत. शेपू घालून उकडले, वर लोण्याचा गोळा, शेजारी हेरिंग. इल्पोने आठ खाल्ले. साइमी ताठ बसून ऐकत होती, तो किती घेतोय ते. तुर्कूचं नाव कोणी काढलं नाही.

सकाळी ठोकाठोकीने तिला जाग आली. इल्पोने पायरीपासून कांद्यापर्यंत, कांद्यापासून बटाट्यांपर्यंत आणि तिथून विहिरीपर्यंत खुंट्या ठोकून कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधली होती.

"गाय समजलास काय मला?"

"बर्फ पडल्यावर वास येत नाही, आई. तेव्हा धर."

ती तणतणत आत गेली. पण दोरी सोड म्हणाली नाही.

सप्टेंबरात तो बटाटे खणायला आला तो अंधार पडल्यावर, आणि दिवा लावायच्या आधीच दोरी चाचपू लागला. हाताला लागली वाळत घातलेली कांद्याची वेणी. पुढे आणखी एक. मग शेपूच्या जुड्या, मग पुन्हा कांदे, थेट विहिरीपर्यंत सगळी दोरी भरलेली.

"आई, धरायचं कुठे?" तो अंधारात ओरडला.

"तू माझा हात धर," साइमी जवळूनच म्हणाली. "चल, मी नेते."