पोलादाचं तोंड

कुरुंदवाडच्या पिराजी लोहाराचा ताठा मोठा. बाजारात हातोडे ढिगानं मिळतात, पण लोहारानं विकतचा हातोडा धरायचा म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटे. हातोड्याचं अंग बैलगाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेच्या मऊ लोखंडाचं, तोंड ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाचं, आणि दोन्ही आगीतच एकजीव झालेली. असा हातोडा त्याचा बाप करायचा, तोही करत आलेला.

मध्ये दोन वर्षं मोतीबिंदूनं भट्टी थंड पडली. तेवढ्यात मुलगा सूरज यानं शिरोलीच्या एका फौंड्रीत त्याच्यासाठी वॉचमनची जागा बघितली. पिराजीनं मुकाट्यानं डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि मुलाला बजावलं, शनिवारी हातोडा करणार. जमला तर नोकरी तुझी तुला लखलाभ, नाही जमला तर सोमवारी कामावर हजर.

शनिवारी भट्टी पेटली. घणाला बायको तानाबाई, चाळीस वर्षं होती तशीच. लोखंड आगीत असताना घण धरणारानं बोलायचं नाही, हा त्या घरातला नेम. रंग बघायचा तो पिराजीनंच. जोड लागायला लोखंड पांढरं व्हावं लागतं. पिवळ्यावर काढलं तर धरत नाही, जास्त ठेवलं तर पोलाद जळतं.

पिराजीला पांढरं दिसलं. त्यानं काढलं, तानाबाईनं घण घातले. निवल्यावर एक टोला दिला तर पोलादाची चकती खपली निघावी तशी सुटून पडली.

"पांढरं व्हतं की," तो म्हणाला.

"पिवळं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"कवा बोलू दिलंसा?"

पिराजीनं सुटलेली चकती उचलून उजेडात धरली. मोतीबिंदू काही एका दिवसात आला नव्हता. वर्षानुवर्षं पिवळसर झापडीतूनच तो रंग ओळखत आलेला. डॉक्टरनं ती झापड काढली, जग लख्ख झालं, आणि पिवळंही आता पांढरं दिसू लागलं. बोल तरी कुणाला लावायचा?

पाट्याचा एकच तुकडा उरला होता. आता तूच बघ आणि तूच सांग, असं तो बायकोला म्हणाला. त्याला किती जड गेलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तानाबाईनं आगीत डोळे रोखले. जोड धरावा म्हणून टाकलेला टाकणखार वितळून लोखंडावर पाझरला. "काढा," ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं. सांडशी हातात होती. पण मघाशी लवकर काढलं होतं, आणि हिला काय कळतंय, जरा आणखी राहू दे, असं मनात आलं. ती पुन्हा म्हणाली, "अवं, काढा की." त्यानं ओढेपर्यंत ठिणग्या उडाल्या होत्या. पहिल्याच घावाला पोलाद गुळाच्या ढेकळासारखं फुटलं.

तानाबाईनं घण टेकवला. भंगारवाल्याकडून दुसरा पाटा आणते म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता, त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"नगं," पिराजी म्हणाला. "पाटा मिळंल गं. तू बरूबर सांगितलंस आन् माझा हात हलला न्हाय. उद्याबी हलायचा न्हाय."

तो उठला आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं.