वाळूतली जागा

"काकू, एकाची खणू की दोघांची?"

आल्फोन्स कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून विचारत होता. हातातलं फावडं त्यानं कडेला टेकवलं आणि टोपीनं मान पुसली. ओतिलिया त्याच्यासाठी कॉफीचा थर्मास आणि चरबी लावलेला राय धान्याचा पाव घेऊन आली होती. त्या गावात कबर खणणाऱ्याला घरच्यांनी खायला नेऊन द्यायचं असतं. उद्या सकाळी तिच्या नवऱ्याला, क्लेमेन्सला, इथं आणायचं होतं.

"एकाचीच," मागून बोझेना म्हणाली. ओतिलियाची ही एकुलती एक लेक, कालच ग्दिनियाहून आली होती. "बाबांनी मला मागेच दवाखान्यात सांगितलंय. आईची वेळ येईल तेव्हा तिला माहेरी न्यायचं. मामाशीही बोलले मी. आजोबांच्या शेजारी जागा आहे."

"तसं सांगा म्हणजे झालं," आल्फोन्स म्हणाला. "दोघांची असली तर आजच खोल जायला हवं. खालच्याला ठेवल्यावर मग काही करता येत नाही. वाळू आहे ही. हात लावला की ढासळते."

इकडे नवरा-बायकोला एकाच जागी ठेवतात. आधी गेलेला खाली, मागाहून येणारा वर.

ओतिलियानं थर्मासचं झाकण फिरवून कॉफी ओतली, वाकून आल्फोन्सच्या हातात दिली, आणि वाकलेली असतानाच तिला खड्ड्याची भिंत दिसली.

वर पाइनच्या सुयांचा बोटभर काळपट थर. त्याखाली चुलीतली राख पसरावी तशी करडी वाळू. तिच्याखाली तांबूस, कॉफीच्या गाळासारखा थर, विटेसारखा कडक. आल्फोन्सनं तो पहारीनं फोडला होता, त्याची ढेकळं बाजूला पडली होती. आणि त्याखाली पिवळी वाळू आणि गोल गुळगुळीत गोटे, कितीही खाली गेलं तरी तेच. ही भिंत तिला नवी नव्हती. आपल्या परसात तिनं ती आयुष्यभर बघितली होती.

ओतिलिया मूळची विस्वा नदीच्या मुखाकडची. तिकडची जमीन समुद्राहूनही सखल, काळीभोर, लोण्यासारखी. बीट उपटायला दोन माणसं लागावीत अशी पिकायची. एका वर्षी पुरात बांध फुटायला आला तेव्हा वाळूच्या गोण्या रचायला शिपाई पाठवले होते, त्यांत क्लेमेन्स होता. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. गोण्या संपल्या, पूर ओसरला, तरी तो रविवारी रविवारी येतच राहिला. बापानं विचारलं, "तुमच्याकडं काय पिकतं?" क्लेमेन्स म्हणाला, "पाइन." बापाला वाटलं, पोरगा थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. लग्न होऊन ती तुखोलाच्या जंगलात आली, तेव्हा घराच्या दारापासून क्षितिजापर्यंत पाइनच होते. क्लेमेन्स जंगलखात्याच्या टोळीत रोपं लावायचा. पहिल्याच वसंतात तिनं माहेराहून आणलेलं कोबीचं बी पेरलं. सकाळी पाणी घातलं तर दुपारी जमीन कोरडी. पाऊस पडला तरी तसंच. घातलेलं शेणखत पुढच्या वर्षी शोधून सापडत नसे. शरद ऋतूत कोबी निघाले ते लहान मुलाच्या मुठीएवढे.

सासू कुंपणाला टेकून बघत होती. "अगं, या जमिनीत पाणी टिकत नाही, तू काय टिकशील!"

त्याच हिवाळ्यात तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. त्या दिवसांत कधीतरी ती क्लेमेन्सवर ओरडली होती, "मी मेले ना, तर मला या राखेत पुरू नका! माझ्या माणसांत नेऊन टाका!"

क्लेमेन्स बूट काढत होता. "बरं," तो म्हणाला.

पुढच्या शरदात तो कामावरून आला तो पहार घेऊनच परसात गेला. दिवसभर रोपांसाठी खड्डे करून आलेला माणूस. त्यानं वाफ्याच्या जागी वाळू उपसली, तो तांबडा थर फोडायला घेतला.

"काय करतोस?"

"याच्यामुळं मुळं खाली जात नाहीत. फोडतो."

"आणि पाणी?"

"तळ्याकाठची चिकणमाती आणू. खाली अंथरू."

"तुझ्या पाइनना नाही लागत काही अंथरायला."

"पाइन शहाणे आहेत. ते मागतच नाहीत." मग जरा थांबून तो म्हणाला, "साहेब सांगत होते, पूर्वी इथं बर्फाचे डोंगर होते. ते वितळले, त्या पाण्यानं ही वाळू आणून टाकली."

"पाण्यानंच आणली आणि पाण्यालाच थारा देत नाही! तुझ्या आईच्याच माहेरची दिसते."

क्लेमेन्स इतका हसला की त्याला पहार खाली ठेवावी लागली. लग्नानंतर तो असा हसलेला तिनं पहिल्यांदाच बघितला.

दर शरदात त्यानं एकेक वाफा असा फोडून दिला. हातगाडीनं चिकणमाती आणली, गवत कुजवलं, राख घातली. कोबी काही माहेरच्यासारखे झाले नाहीत, पण भांड्यात भरून आंबवण्याजोगे झाले. बटाटे बरे यायचे. बोझेना जन्मली, रांगायला लागली, तीही त्याच वाळूत. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा ओतिलियाच्याच हातचं सूप मागायची. ओतिलिया स्वतःही नंतर रोपं लावणाऱ्या बायकांच्या टोळीत गेली. तिनं लावलेली रोपं आता घरांच्या छपरांहून उंच झाली होती. ऑगस्टमध्ये ती रानातल्या निळ्या बेरी वेचायला जायची, सप्टेंबरात अळंबी. माहेरी गेली की तिसऱ्या दिवशी तिला तिथली दमट हवा सोसेनाशी व्हायची. बाप गेला तेव्हा तिकडं कबरीत पाणी भरलं होतं. पंप लावूनही उपसेना. पेटी खाली सोडली तेव्हा झालेला आवाज तिनं कुणाला सांगितला नव्हता.

"क्लेमेन्सकाका गेल्या हिवाळ्यात इथं आले होते," पाव खाता खाता आल्फोन्स म्हणाला. तरुणपणी तोही क्लेमेन्सच्या टोळीत होता. "जागा त्यांनीच दाखवली. म्हणाले, साधीच खण, खोल नको. ती काही इथं यायची नाही."

ओतिलियानं मान वर केली. "रागानं म्हणाला?"

"छे हो. उद्या थंडी पडेल म्हणावं ना, तसं. आणि म्हणाले, शब्द दिलाय मी तिला."

बोझेना आईजवळ आली. "आई, तू त्यांना कधी म्हणाली होतीस असं?"

"म्हणाले होते. तुझ्या जन्माच्या आधी."

"आणि आता?"

ओतिलिया त्या तांबड्या ढेकळांकडे बघत राहिली. ती इच्छा मनातून कधी गेली, तिला आठवेना. एका दिवसात गेली नसणार. कुठल्या तरी वर्षी, कुठल्या तरी वाफ्याशी, हळूहळू झिरपून गेली असेल. पण ती गेली हे त्याला सांगायचं राहूनच गेलं. त्यानं विचारलं नाही आणि तिला वाटलं, याला कळलं असेलच. आणि तो बिचारा ते एक वाक्य खिशात ठेवल्यासारखं आयुष्यभर सांभाळून, एकट्यानं येऊन स्वतःपुरती जागा बघून गेला.

"मला विचारायचं तरी," ती पुटपुटली. मग स्वतःलाच म्हणाली, "मी तरी कुठं सांगितलं."

"आई, घाईनं ठरवू नकोस हं," बोझेना म्हणाली. "आज तुला वाईट वाटतंय म्हणून... मामा तिकडं सगळी सोय करेल. बाबांनीही तेच—"

"बाबांना काय कळतंय?" ओतिलिया एकदम जोरात म्हणाली. घरात जेवणावरून भांडताना म्हणायची अगदी तशी. आणि तेवढ्यानंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गेल्यापासूनच्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. बोझेनानं तिचा दंड धरला, पण तिनं तो सोडवून घेतला आणि बाहीनं डोळे पुसले.

"आल्फोन्स, दोघांची घे."

आल्फोन्सनं बोझेनाकडे बघितलं. बोझेनानं क्षणभरानं होकाराची मान हलवली.

"मग फळ्या लागतील काकू. खाली वाळू फार सुटते."

"बोझेना, चर्चमागच्या शेडमध्ये फळ्या आहेत. जा, घेऊन ये. मी आहे इथं."

बोझेना चार फेऱ्यांत फळ्या घेऊन आली. ओतिलिया उपसलेल्या वाळूच्या ढिगावर बसून एकेक फळी खाली देत होती, आल्फोन्स ती भिंतीला लावून ठोकत होता. एकदा बाजू ढासळली, त्याच्या गुडघ्यापर्यंत वाळू आली. त्यानं शिवी गिळली आणि पुन्हा सुरुवात केली. ढीग वाढत गेला, पिवळा, कोरडा, उन्हात जरासा चमकणारा. एवढं खोल जाऊनही पाण्याचा टिपूस नव्हता. वर तिघांच्या डोक्यावर पाइनचे शेंडे वाऱ्यानं हलत होते.

आता खड्ड्यातून आल्फोन्सची टोपीही दिसत नव्हती. आतून त्याचा आवाज आला, "बास का काकू? दोघांना पुरेल एवढं झालं."

ओतिलिया कडेशी आली. फळीला हात टेकून तिनं खाली बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं.

"अजून हातभर घे," ती म्हणाली. "तो घोरतो."

मग फावड्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. ओतिलियानं आपल्या काळ्या कोटाचा मागचा भाग झटकला. वाळू सरसरून गळून पडली, आणि कोटावर कसलाच डाग राहिला नाही.