मिरी, पन्नास मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. सारावाकच्या डोंगरात पा तेबारू म्हणून केलाबित लोकांचं गाव आहे. तिथल्या विमानाच्या धावपट्टीवर, पत्र्याच्या शेडला मला ठोकलंय. अंगावर एकच ओळ: 'मिरी, १८० किलोमीटर, ५० मिनिटं.'

बालांग सुतारानं मला तासलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशानं ही अक्षरं रंगवली. तेव्हा लोक हात लावून बघायचे मला. समुद्रकाठच्या मिरी शहरात जायचं म्हणजे जंगलातनं आठवडेच्या आठवडे चालणारी माणसं ती! त्यांना पन्नास मिनिटं खरीच वाटेनात.

इथलं विमान अगदी छोटं. म्हणून पिशवीबरोबर माणसालाही वजनकाट्यावर उभं करतात. मग हसणं सुरू. "काय गं, जेवणावळीतलं डुक्कर एकटीनंच संपवलंस की काय?"

असं हसू शेवटचं ऐकलं त्याला आता बरेच दिवस झाले.

गावातल्या तागालला पहिलं पोर झालं. आमच्यात नातवंड आलं की आजीला नवं नाव मिळतं, सगळ्या गावाला जेवण घालून. तागालची आई सिना रिनाइ होती, ती दोओ रिबू झाली. त्यानंतर जुन्या नावानं हाक मारणं म्हणजे अपमानच.

आठवड्यात म्हातारीचं पोट फुगलं. नर्सबाई म्हणाली, "आजच्या आज मिरीच्या दवाखान्यात न्या." तागालनं फोनवर जागा घेतली आणि मोठ्या कौतुकानं नवं नाव सांगितलं. तिथंच घात झाला.

तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस शहरातनं नवाच आलेला. "यादीत दोओ रिबू, ओळखीच्या कार्डावर सिना रिनाइ. नाही चालायचं."

"अहो साहेब, हीच ती! अख्खं गाव जेवलंय हिच्या नावाचं!"

"जेवला असाल. मला कागद लागतो."

म्हातारी कण्हत म्हणाली, "तागाल, जुनं नाव सांग रे बाबा. मला नाही राग यायचा."

"सांगून काय होणार? यादीत नवं आहे ना!" तो माणूस माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हे बघा, पन्नास मिनिटांचा तर रस्ता. उद्या नीट नाव घालून या."

विमान एक जागा रिकामी ठेवून उडालं. माझाच आकडा पुढे केला त्यानं, मित्रांनो. मला तोंड असतं तर ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी डोंगर ढगात गेले. जीपच्या रस्त्यावरचा पूल आधीच वाहून गेलेला. तागालनं आईला माझ्याखाली चटईवर निजवलं. नाव आता बरोबर होतं, पण विमानच येईना. पानात बांधलेला मऊ भात तिच्या उशाशी आंबून गेला. तिसऱ्या दुपारी तिनं डोळे मिटले. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं.

आता मला नवा रंग द्यायचं चाललंय. नका देऊ. कुजू द्या मला. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी अशा खिडकीमागे बसाल. समोर कण्हणारं माणूस आलं तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा, कागद मागनं बघा. तीन दिवस जो आला तो मान वर करून मलाच वाचत होता, आणि म्हातारी खाली होती.