पाचवं कव्हर

मी रिमोट बोलतोय. हो, टीव्हीचाच. तुमच्या घरी गादीखाली नाहीतर सोफ्याच्या फटीत सापडतो ना, तो माझा भाऊबंद. मला मात्र कधी कुणाला शोधावं लागलं नाही. बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या मिरजकरांच्या घरात वस्तूंना हरवायची परवानगीच नव्हती.

त्र्याण्णव साली एकवीस इंची रंगीत टीव्हीबरोबर मी या घरात आलो. खोका उघडला तेव्हा माझ्या अंगावर कारखान्यातलं पातळ प्लास्टिक होतं. आता हे फाडतील आणि मी मोकळा श्वास घेईन, अशी माझी भाबडी आशा. उमाकांतरावांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे कव्हर कुणी काढायचं नाही. कव्हर आहे तोवर वस्तू नवी."

उमाकांतराव म्हणजे सरकारी कारखान्यात तीस वर्षं घालवलेले इंजिनिअर. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला अंगरखा होता. टीव्हीला विणलेला रुमाल, मिक्सरला टोपडं, फ्रिजच्या मुठीला टॉवेल. टेलिफोनलासुद्धा झालर लावली होती. मला हसू यायचं, पण मी स्वतः कुठे उघडा होतो!

त्यात खंडेनवमीचा त्यांचा खास नेम. बेंगळुरात त्या दिवशी आयुधपूजेला लोक लेथ मशीनपासून रिक्षापर्यंत सगळ्याला हार घालतात. उमाकांतराव आपले पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडत आणि शेजारी मला ठेवत. त्याआधी मला नवं कव्हर चढे. चिकपेटेत साडी घेतली की मिळते ती जाड प्लास्टिकची पिशवी कापायची, मला तिच्यात सरकवायचं, कडेला करवतीचं पातं धरायचं आणि बाहेर उरलेली कड मेणबत्तीवर वितळवायची. शिवण अशी पक्की बसे की हवाही आत शिरू नये. जुनं कव्हर काढायचं नाही, त्याच्यावरच नवं. तीन दसऱ्यांत तीन कव्हरं झाली. पूजेचं कुंकू लागायचं ते सगळ्यात वरच्या थराला, माझ्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही.

पण माणूस शिस्तीचा होता आणि मला ते आवडायचं. संध्याकाळच्या बातम्या पाहायच्या, त्या संपल्या की लाल बटण दाबायचं. "टीव्ही हा पाहुणा आहे," ते म्हणत, "पाहुण्यानं वेळेवर उठावं." मग घर शांत होई. ते आणि त्यांच्या पत्नी हेमलताबाई गॅलरीत बसत, कधी बोलत, कधी नुसतेच बसत. मुलगा श्रीरंग क्रिकेट लावायचा, पटापट चॅनल बदलायचा, पण वडील समोर असले की तोही बटण जपून दाबायचा.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये उमाकांतरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "समजतंय त्यांना सगळं. मन गुंतलेलं ठेवा."

श्रीरंगनं ते शब्द मनावर घेतले. मुलगा गुणी आहे हो, त्याच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. त्यानं वडिलांची कॉट हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोबर समोर आणली. बाबांना बातम्या आवडतात ना, मग सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत बातम्या! कन्नड झाल्या की हिंदी, हिंदी झाल्या की इंग्रजी, मधल्या वेळात जे असेल ते. स्वतः तो महादेवपुऱ्याच्या बाजूला नव्या सॉफ्टवेअर कंपनीत जायचा, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. निघताना मला वडिलांच्या डाव्या हातात ठेवायचा. "बाबा, तुमचा रिमोट तुमच्याकडेच. सरी? ठीक ना?"

त्या हातात काय चाललं होतं ते एकट्या मला कळत होतं. अंगठा दिवसभर एकाच दिशेनं सरकायचा, लाल बटणाकडे. त्यांना टीव्ही बंद करायचा होता. बस, एवढंच. पडल्या पडल्या मान वळवता येत नाही, कान झाकता येत नाहीत, आणि समोर अखंड कुणीतरी बोलतंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सप्टेंबरभर त्यांनी खटपट केली. दोनदा जमलंसुद्धा! टीव्ही बंद पडला. मला इतका आनंद झाला! पण श्रीरंग लगबगीनं आला. "अरेरे, चुकून हात लागला वाटतं," म्हणाला आणि त्यानं पुन्हा चालू केला.

मग दसरा आला. आयुधपूजा कोण करणार? हेमलताबाई करणार. "यांचा नेम मोडायचा नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवी कापली, करवतीचं पातं शोधून काढलं, मेणबत्ती पेटवली. बोट भाजलं तरी थांबल्या नाहीत. उमाकांतराव कॉटवरून पाहत होते. त्यांच्या गळ्यातून घरघर आवाज निघाला, तशी त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, तुमच्यासारखंच जमलं की नाही?" आणि पाचवं कव्हर माझ्यावर चढलं.

ते कव्हर जरा सैल झालं होतं. आता अंगठा लाल बटणावर टेकला की प्लास्टिकच सरकायचं आणि दाब पडायचा तो शेजारच्या आवाजाच्या बटणावर. ते म्हणत होते 'बंद कर' आणि मी टीव्हीला सांगत होतो 'मोठ्यानं बोल'. माझ्या हातून रोज ध चा मा होत होता. आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"श्रीरंग, यांना ऐकू कमी येतंय रे," हेमलताबाई म्हणाल्या. "बघ, सारखे आवाज वाढवतात."

मग घरच्यांनीच आवाज वाढवून ठेवला. उमाकांतरावांनी बंद करायला जावं आणि तो आणखी वाढावा. शेवटी शेवटी त्यांनी अंगठा हलवणंच सोडलं. हेमलताबाईंना वाटलं, आता कुठे यांचा जीव रमला.

जानेवारीत, अवरेकाळूच्या म्हणजे पावट्याच्या शेंगांच्या हंगामात, एके दुपारी वीज गेली. हेमलताबाई कॉटशेजारी बसून शेंगा सोलत होत्या, समोर यल्लव्वा केर काढत होती. ही यल्लव्वा निपाणीकडची, या घरी बारा वर्षं कामाला. टीव्ही गप्प झाला. शेंगांचा चटचट आवाज तेवढा उरला. उमाकांतरावांनी डोळे मिटले आणि सावकाश उघडले. त्यांचा डावा हात मला सोडून सरकला आणि हेमलताबाईंच्या गुडघ्यावर जाऊन टेकला. पाच महिन्यांत असं झालं नव्हतं. त्या शेंग हातात धरून तशाच बसून राहिल्या.

तासाभरानं वीज आली. टीव्ही एकदम ओरडला. उमाकांतरावांनी डोळे घट्ट मिटले, हात गुडघ्यावरून निघाला, मला चाचपू लागला.

यल्लव्वानं केरसुणी खाली ठेवली. "अक्का, स्वल्प अण्णांच्या तोंडाकडं बघा की. त्यास्नी त्यो आवाज नको हाय."

"अगं, तेच तर वाढवतात."

"वाढवत न्हाईत अक्का. अंगठा बघा कुठं चाललाय. बोट घसरतंय त्यांचं."

हेमलताबाईंनी वाकून पाहिलं. अंगठा लाल बटणाकडे गेला, प्लास्टिक सरकलं, आवाज वाढला. पुन्हा गेला, पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा पाहवलं नाही त्यांना. त्या कात्री घेऊन आल्या आणि मग थबकल्या. तीस वर्षांत नवऱ्याच्या कुठल्या वस्तूचं कव्हर त्यांनी फाडलं नव्हतं. "अहो, कापू?" त्यांनी विचारलं. उमाकांतराव टक लावून कात्रीकडे पाहत राहिले. तेवढं पुरे होतं.

एकेक करून पाचही कव्हरं निघाली. जन्मल्यापासून पहिल्यांदा मला वारा लागला. आणि मग माझ्या उघड्या अंगावर त्यांचा गरम अंगठा आला. लाल बटण दाबलं गेलं. घर शांत झालं.

संध्याकाळी श्रीरंग आला. "टीव्ही बंद कसा?" म्हणत त्यानं चालू केला. वडिलांनी बंद केला. त्यानं पुन्हा चालू केला. त्यांनी पुन्हा बंद केला. श्रीरंग माझ्याकडे पाहत कॉटच्या कडेला बसला. "बाबा... तुम्हाला नको होता?" हेमलताबाईंनी दुपारची हकिगत सांगितली.

इंजिनिअरचा मुलगा इंजिनिअरच. डोळे पुसून तो म्हणाला, "बाबा, मी विचारतो. हो असेल तर लाल बटण दाबा, टीव्ही लागेल. नाही असेल तर दाबू नका."

चहा हवा? काही नाही. उशी उंच करू? काही नाही. कॉट गॅलरीशी नेऊ? दुखतंय कुठे? शेजारच्या पुरुषोत्तमकाकांना बोलावू गप्पा मारायला? काहीच नाही. अंगठा माझ्यावर ठेवलेला, पण हलत नव्हता. श्रीरंगचा चेहरा पडला. त्याला वाटलं, बाबांना हे कळतच नाही. मीसुद्धा धीर सोडला.

हेमलताबाईंनी जमिनीकडे पाहत हळूच विचारलं, "आमच्यावर रागावलात?"

अंगठा खाली गेला. सगळी ताकद लावून गेला.

टीव्ही लागला तो वाढवून ठेवलेल्या त्या पूर्ण आवाजात. कुठल्याशा साबणाची जाहिरात होती, भिंती हादरल्या, श्रीरंग दचकून उभा राहिला. बंद करायला मात्र कुणी हात पुढे केला नाही. हेमलताबाई हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. "रागवा! रागवा हो! मला वाटलं, तुम्ही गेलातच कुठेतरी!" उमाकांतरावांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत आलं. जाहिरात संपली, तेव्हा त्यांनीच बटण दाबलं.

आता नव्याण्णव साल चालू आहे. त्यांची वाचा आली नाही, येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. कॉट गॅलरीशी गेली आहे. माझे आकडे पुसले गेले, अंगाला हळदीचे डाग पडले, लाल बटणाचा रंगही उडाला. मी काही फार दिवस टिकणार नाही. तरी एक विनवणी करतो. आपल्या माणसाला काय आवडायचं ते तुम्हाला पाठ असेल, पण आज त्याला काय हवं आहे, ते त्यालाच विचारत जा. मी एक बटणांचं खोकं, मला 'हो' आणि 'नाही' याच्यापुढे काही सांगता येत नाही. मधलं सगळं अजून त्यांच्या आतच अडकलेलं आहे.

पण रोज संध्याकाळी हेमलताबाई शेजारी बसून तोच प्रश्न विचारतात, "रागावलात?" कधी टीव्ही लागतो, कधी लागत नाही. लागला की त्या म्हणतात, "बरं झालं, सांगितलंत," आणि भिंती हादरत असतानाच त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठतात.