आत्या खोलीत असताना चालणारे कार्ट्रिज

आत्या खोलीत येऊन बसली की खेळ चालत असे. ती उठून गेली की तो बंद पडत असे.

तिचा भाचा महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे. घरात त्याला मास्तर म्हणत, आणि ते निव्वळ आदरापोटी नव्हे. त्याच्या टेबलावर ताईचा जुना गेम कन्सोल मांडलेला होता. कन्सोलच्या खाचेत, खेळ साठवलेल्या विकतच्या कार्ट्रिजच्या जागी, मास्तरने स्वतः जोडलेला बोर्ड होता. संगणकावर लिहिलेला खेळ केबलमधून त्या बोर्डावरच्या चिपमध्ये उतरवायचा आणि कन्सोलने तो खरे कार्ट्रिज समजून चालवायचा, अशी ही युक्ती. खेळ होता पाणबुडीचा, दोघा भावंडांनी शाळेत असताना मनात रचलेला. रविवारी ताई कन्सोल घेऊन कायमची परदेशी चालली होती. त्याआधी पाणबुडी चालायला हवी होती, आणि तीही आत्याविना. कारण आत्या इथेच राहणार होती.

आत्याने निदान केव्हाच करून टाकले होते. पायगुण म्हणतात तो हाच, असे ती शेजारणीलाही सांगून आली. पायगुण कोणत्या एककात मोजतात, असे मास्तरने विचारले, तेव्हा मोजणाऱ्याला तो लाभत नाही, असे उत्तर आले.

मास्तर इरेला पेटला. त्याने केबल बदलली, अडॅप्टर बदलला, प्रत्येक टाका पुन्हा सोल्डर केला. मग आत्यावरच प्रयोग आरंभले. तिला बोलवायचे, आल्याआल्या तिच्या आखडलेल्या मानेसाठी टेबलपंखा बंद करायचा, खेळ नव्याने उतरवायचा, की पाणबुडी सुरळीत. तिला बाहेर पाठवून, पंखा लावून पुन्हा तेच केले की पडद्यावर नुसती रंगीत खिचडी. तिच्या खुर्चीत ताईला बसवून पाहिले, खिचडीच. आत्याला आधी या मानाचे अप्रूप वाटले, पण पाचव्यांदा हाक गेली तेव्हा ती दारातच थांबली.

"अरे, मी काय बटण आहे? दाबलं की सुरू, सोडलं की बंद?"

"तिकीट काढू का आत्याचं?" ताई म्हणाली. तिने हसत विचारले खरे, पण बॅग भरताना कन्सोलची जागा मोकळी ठेवून ती दोनदा येऊन पाहून गेली होती. हे मास्तरच्या नजरेतून सुटले नव्हते, आणि त्यामुळेच तो अधिक चिडला होता.

शनिवारी दुपारी आत्या आली ती मफलर गुंडाळूनच. दर खेपेला माझ्यासाठी पंखा बंद करायला नको, चालू दे तो, असे म्हणून ती खुर्चीत स्थिरावली. मास्तरने खेळ उतरवला. पडद्यावर खिचडी.

आत्याचा चेहरा पडला. मास्तरचा मात्र आठवडाभरात पहिल्यांदाच उजळला.

"आत्या, तुझा पायगुण गेला," तो म्हणाला. "फार बरं झालं."

त्याने पंखा बंद करून खेळ पुन्हा उतरवला. पाणबुडी चालली. सोल्डरिंगचा धूर खिडकीबाहेर जावा म्हणून तो पंखा सदैव त्याच्या कोपराशी फिरत असे. त्याच्या लेखी पंखा हवेचा विषय होता, सर्किटचा नव्हे. म्हणून सगळे बदलून पाहताना त्याने तेवढा तपासलाच नव्हता. पंख्याची तार बोर्डाच्या खालूनच गेली होती. मास्तरने भिंग घेतले आणि चिपची पिन न् पिन तपासली.

आत्या रुसून उठली, पण गेली नाही. दाराआडून पाहत राहिली. मास्तरने एक पिन छोट्या रेझिस्टरने पाच व्होल्टला जोडली, पंखा पूर्ण वेगाने लावला आणि आत्याला तशीच उंबऱ्याच्या पलीकडे थांबायची विनंती केली. ताईने पाणबुडी पहिल्या खडकापासून शेवटच्या खडकापर्यंत नेली, मग कन्सोलची वायर गुंडाळायला घेतली.

कारण असे होते. ती पिन चिपला लिहिण्याची परवानगी देते किंवा नाकारते. खेळ चालू असताना तिच्यावर नकाराचा, म्हणजे 'एक' हा संकेत स्थिर असावा लागतो. मास्तरने ती मोकळी सोडली होती, कारण विद्यार्थिदशेत त्याने हाताळलेल्या चिपांमध्ये मोकळी पिन आपोआप 'एक' धरली जाई. या जातीच्या चिपमध्ये ती अधांतरी राहते आणि जवळच्या विजेच्या तारेच्या प्रभावाने वरखाली होते. पंखा चालू असला की चिपमधल्या खेळावर निरर्थक आकडे लिहिले जात. आत्या आली की पंखा बंद होत असे.